बिनमुद्रेची बंदिश

१९४८ साली वॉल्टर काउफमन या संगीतकाराने वाद्यवृंदासाठी एक छोटी रचना लिहिली आणि तिला नाव दिले ‘मद्रास एक्स्प्रेस’. तेव्हा ते कॅनडात होते, म्हणजे या नावाशी सुतराम संबंध नसलेल्या थंड मुलखात. पण त्याआधी बारा वर्षे त्यांनी मुंबईत काढली होती, आणि मुंबईकराला मद्रासची गाडी म्हणजे बोरीबंदरहून सुटून घाट चढणारी, पुणे, दौंड, सोलापूर करत रायचूरकडे जाणारी गाडी. १८७१ साली रायचूरला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे आणि मद्रास रेल्वेचे रूळ जुळले, तेव्हापासूनची ही वाट. पुणे आणि दौंड यांच्यामध्ये तिच्यावर केडगाव लागते. मेल गाड्या अशा स्थानकांना सहसा जुमानत नाहीत, पण रूळ तेच. म्हणजे युरोपातून परागंदा झालेल्या एका आधुनिक संगीतकाराच्या वहीत उतरलेली गाडी दौंड तालुक्यातल्या या गावाच्या शिवारातून धडधडत जात होती. हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण केडगावच्या बाजूने पाहिले, तर हे नाते आणखी घट्ट आहे. पहाटे उठून रेडिओचे बटण फिरवणाऱ्या तिथल्या घरांत बातम्यांच्याही आधी जे सूर वर्षानुवर्षे घुमले, ते याच माणसाने रचले असे मानले जाते. सूर सगळ्यांच्या कानात, रचणाऱ्याचे नाव कोणाच्याच नाही. हे असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न.

सहज सुचणारे उत्तर असे की परका माणूस आला, राहिला, गेला आणि लोक विसरले. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. काउफमन यांचे नाव पुसले जाण्याचे कारण त्यांच्या परकेपणात कमी आणि त्यांच्या धंद्यात जास्त आहे. ते संगीत ‘लिहीत’ असत. स्वतः न गाता, चित्रपटाच्या प्रसंगाला न बांधता, शब्दांचा आधार न घेता कागदावर पूर्ण रचना लिहायची आणि ती दुसऱ्यांनी वाजवायची, हा युरोपात मान्यता पावलेला व्यवसाय. आपल्याकडे गवई होते, वादक होते, बंदिशकार होते, नाटकाच्या पदांना चाली लावणारे होते आणि पुढे सिनेमाचे संगीत दिग्दर्शक आले. या घरात प्रत्येकाचा कोनाडा होता. नुसत्या लिहिणाऱ्याचा कोनाडा मात्र नव्हता, आणि खरे सांगायचे तर आजही फारसा नाही.

काउफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७चा, कार्ल्सबाडचा. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे बोहेमियातले गाव आज कार्लोव्ही व्हारी म्हणून ओळखले जाते. जर्मन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा बर्लिनला शिकायला गेला. तिथे फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचनाशास्त्र आणि कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्र, असे दोन गुरू त्याला लाभले. श्रेकर तेव्हाच्या नव्या ऑपेरातले मोठे नाव. झाक्स जगभरच्या वाद्यांचा अभ्यास करणारे, युरोपाबाहेरच्या संगीताला ‘रानटी’ न म्हणता कान देणारे. पुढे काउफमन यांनी जे केले त्याचे दोन्ही धागे या दोघांपर्यंत जातात. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी माहलरवर प्रबंध लिहिला. पण मार्गदर्शक गुस्टाफ बेकिंग हे नाझी तरुणांच्या संघटनेचे पुढारी आहेत असे कळल्यावर त्यांनी पदवीच घेतली नाही. तयार प्रबंधावर पाणी सोडणारा हा माणूस नुसता संकटातून पळालेला नव्हता, तर काही गोष्टी आपणहून नाकारून बाहेर पडला होता, हे लक्षात ठेवावे. त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्कांची बहीण एली, म्हणजे गेर्टीची आई, पुढे नाझींच्या तावडीतून सुटली नाही.

फेब्रुवारी १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. मुंबईच का? व्हिसा मिळण्यासारखा होता आणि जर्मनीत सिनेमाचे तंत्र शिकून आलेले मोहन भवनानी ओळखीचे होते. पण काउफमन यांनी स्वतः सांगितलेले कारण वेगळे आणि फार मोलाचे आहे. युरोपात त्यांनी भारतीय संगीताच्या तबकड्या ऐकल्या होत्या, आणि त्या त्यांना अजिबात आवडल्या नव्हत्या. सगळे परके, न कळणारे. मग त्यांनी असा विचार केला की ज्या संगीतावर लाखो माणसे जीव टाकतात त्यात काहीच नसेल हे शक्य नाही, तेव्हा दोष आपल्या कानाचा असला पाहिजे आणि तो दूर करायचा तर जिथे हे संगीत जन्मते तिथे जायला हवे. ‘मला आवडत नाही, म्हणजे मीच कमी पडतो’ असे म्हणणारे रसिक कुठल्याही देशात दुर्मीळ असतात. आपल्याकडे तर सिंफनीला ‘नुसता गोंगाट’ म्हणून मोकळे होणारे दर्दी आजही भेटतात.

मुंबईत वॉर्डन रोडजवळच्या रेवा हाउसमध्ये त्यांनी बिऱ्हाड केले आणि काही महिन्यांतच बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल असे. पियानोवर स्वतः काउफमन, चेलोवर बँडमास्तर एडिजिओ व्हेर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता. १९३७च्या मे महिन्यापर्यंत अशा १३६ मैफली झाल्या. तीन वर्षांतला हा आकडा कुठल्याही संगीत मंडळाने हेवा करावा असा आहे. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि पुढच्याच वर्षी त्यांना मुलगा झाला, तोच झुबिन. म्हणजे पुढे जगभर गाजलेल्या एका संगीत घराण्याची उमेदीची वर्षे या निर्वासिताच्या शेजारी गेली. ऐकायला येणारे मात्र पारशी, युरोपियन आणि मूठभर इंग्रजाळलेले. त्याच वेळी ऑपेरा हाउसच्या आसपास, लक्ष्मीबागेत, मराठी आणि गुजराती रसिक अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेचे गाणे ऐकत होते. दोन्हीकडच्या सतरंज्या एकाच शहरात, ट्रामने फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर अंथरलेल्या होत्या. मधली भिंत अगदीच अभेद्य होती असेही नाही. बी. आर. देवधर यांनी स्क्रिन्झी नावाच्या इटालियन शिक्षकाकडे पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले होते आणि त्यांच्याच शाळेत १९३६च्या सुमारास लहानगा कुमार गंधर्व दाखल झाला. पण देवधरांनी ते ज्ञान आवाजाच्या अभ्यासाला आणि शिकवण्याला लावले. स्वरलेखन करून नवी वाद्यरचना करावी, असे वाटायला लावणारे काही आसपास नव्हतेच.

१९३७ मध्ये काउफमन ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. त्यांच्या या काळातल्या कामात एका तारखेपाशी थांबावेसे वाटते. १ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यांची ‘अनसूया’ ही रेडिओसाठी लिहिलेली संगीतिका मुंबईत सादर झाली. म्यूनिच करारानंतर जर्मन सैन्य सुडेटनलँडमध्ये शिरू लागले तो दिवसही हाच, १ ऑक्टोबर १९३८. कार्ल्सबाड त्याच पट्ट्यात येते. मुंबईच्या हवेतून एका भारतीय नावाची संगीतिका घरोघर जात असताना तिच्या रचनाकाराचे गाव नकाशावरून दुसऱ्या देशात सरकत होते. तोवर काउफमन अभ्यासाला आलेले प्रवासी असतील, मनात आले तर परत जाऊ शकणारे. या तारखेनंतर परतीची वाट राहिली नाही. चरित्रकार अशा जुळणीला नियतीचा खेळ म्हणतील. मी एवढेच म्हणेन की त्यांच्या मुंबईतल्या कामाला ‘हौस’ म्हणणाऱ्यांनी ही तारीख पाहावी.

आता आकाशवाणीच्या त्या प्रसिद्ध संकेतधुनेकडे येऊ. तंबोऱ्याची आस, तिच्यावर व्हायोलिनचे मोजके सूर, आणि राग शिवरंजनी. भूपातला गंधार कोमल केला की शिवरंजनी हाती येतो: सा, रे, कोमल ग, प, ध. मध्यम-निषाद नाहीतच. पाच सुरांच्या या सांगाड्यात एक कोमल गंधार असा बसतो की सकाळ असूनही सुरात थोडी हुरहुर राहते. व्हायोलिन मेहली मेहता यांचे असल्याचे सांगतात. धुनेच्या कर्तृत्वाविषयी वाद आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. धून १९३६ची मानतात, तर काउफमन यांची रेडिओतली नोकरी १९३७ची. दिल्ली केंद्रावरचे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स आणि ठाकूर बलवंत सिंग यांचीही नावे पुढे केली जातात. माझ्या मते तोल काउफमन यांच्याकडेच झुकतो. एक तर नोकरीच्या आधीही ते शहरातले सर्वांत सक्रिय पाश्चात्त्य रचनाकार होते आणि रेडिओला बाहेरच्या कलावंतांकडून काम करून घ्यायची सवय होती. दुसरे म्हणजे धुनेचा घाट त्यांच्याच हाताचा आहे. आधाराला जोड-सुरांचे पॅडिंग नाही, एकच स्थिर सूर आणि त्यावर वाक्य पुरे होण्याआधीच थांबणारी ओळ. पण वादात दुसऱ्या कोणाची सरशी झाली तरी माझ्या मुद्द्याला बाध येत नाही. उलट तो बळकटच होतो. देशातल्या सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या सुरांचा कर्ता कोण, यावर ऐंशी-नव्वद वर्षांनीही वाद चालतो, याचा अर्थच असा की लिहिणाऱ्याचे नाव टिपून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

ही धून गावागावांत कशी पोहोचली, त्याचीही एक नोंद करायला हवी. १९५३ साली पुणे केंद्र सुरू झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुण्याभोवतालच्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे बसवली गेली. चावडीत किंवा शाळेत रेडिओ, भोवती गोळा झालेली माणसे, कार्यक्रमानंतर चर्चा. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे या प्रयोगाचे मूल्यमापन करणारे पॉल नॉयराथ हे मूळचे व्हिएन्नाचे, डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांतून वाचलेले. कार्ल्सबाडच्या निर्वासिताची धून ऐकून मराठी शेतकरी ज्वारी-खताच्या गोष्टी ऐकायला सरसावून बसतो आणि तो कसा ऐकतो हे व्हिएन्नाचा निर्वासित टिपून घेतो, असे हे दृश्य.

काउफमन यांच्या कामाचा गाभा मात्र धुनेत नाही, ऐकण्यात आहे. मुंबईत असतानाच त्यांनी गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांवर अभ्यास केला. त्यावरचा लेख १९४१ साली अमेरिकेतल्या ‘म्युझिकल क्वार्टर्ली’त आला. पुढे बस्तरच्या माडिया-मुरिया लोकांची गाणी आणि वाद्ये यांवरही त्यांनी लिहिले. गडचिरोलीच्या जंगलात गेलेल्या कोणालाही हे लोक आणि त्यांचे ढोल ठाऊक असतात, पण त्या ढोलांच्या बांधणीवर आणि तालांवर त्या काळी लिहिणारे मराठीत तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. १९६८ मध्ये त्यांचा ‘उत्तर भारतातील राग’ हा जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाला, १९७६ मध्ये दक्षिणेच्या रागांवरचा. उत्तरेच्या ग्रंथाची मांडणी मराठी वाचकाने नीट पाहावी. कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी असे दहा थाट, आणि त्या प्रत्येकाखाली राग. ही मांडणी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची, आणि भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’चे खंड मराठीत लिहिले होते. मुंबईच्या एका वकिलाने गवयांच्या दारात खेपा घालून, वेळी त्यांचा तिरसटपणा सोसून जमवलेल्या चिजांच्या पायावर अमेरिकेतल्या विद्यापीठातला हा ग्रंथ उभा आहे. १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत भातखंडे वारले, तेव्हा काउफमन त्याच शहरात अडीच वर्षे राहत होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. युरोपियन संगीतकार पूर्वेकडे येतात, दोन-चार वेगळे सूर उचलतात, मसाला म्हणून पेरतात आणि घरी जाऊन टाळ्या मिळवतात. काउफमन यांची ‘मद्रास एक्स्प्रेस’ तरी दुसरे काय आहे? आगगाडीचा ठेका, देशी रंग आणि चटकदार शेवट. या एका रचनेपुरता आक्षेप मला मान्य आहे. ती हलकीफुलकी आहे आणि तिने तसेच असावे. पण त्यांचे अकरावे स्ट्रिंग क्वार्टेट किंवा व्हायोलिन सोनाटा ऐकल्यावर मसाल्याची उपमा टिकत नाही. मसाला पेरणारा रचनाकार आपला स्वयंपाक बदलत नाही. तो राग घेतो आणि त्याच्या खाली युरोपची जोड-सुरांची चळत रचतो, मग कोमल गंधार आपले टोक हरवून बसतो. काउफमन अनेकदा उलट करतात. खाली स्थिर सूर धरून ठेवतात, वरची ओळ त्याच्याभोवती फिरवतात आणि एका स्वरपट्टीतून दुसरीत जाण्याचा जो युरोपीय प्रवास, तो सोडून देतात. श्रेकरच्या शिष्याने हे सोडणे म्हणजे सुताराने करवत बाजूला ठेवण्यासारखे आहे. त्यांची आधुनिकता मला इथे दिसते. व्हिएन्नाच्या शोनबर्गसारखी बारा सुरांची नवी घटना त्यांनी लिहिली नाही, म्हणून त्यांना आधुनिक म्हणायला कोणी कचरत असेल. पण आपल्या हाताला सवयीचे असलेले हत्यार खाली ठेवून दुसऱ्याच्या व्याकरणात विचार करून पाहणे हेही विसाव्या शतकातच शक्य झालेले धाडस होते.

दोन संगीतांची भेट आपल्याकडे काउफमन यांच्या आधीपासून होत होती, आणि केडगाव हे तिचे एक ठळक ठिकाण. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेले शारदासदन पुढे पुण्याला हलले आणि तिथून, दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षांत, केडगावला आले आणि तिथे मुक्ती मिशन वाढले. हजारोंच्या मुखी तिथे ख्रिस्ती गीते आली. मराठी प्रोटेस्टंट उपासनेत दोन्ही प्रकार नांदले: युरोपच्या चालींत बसवलेले मराठी शब्द, आणि रेव्हरंड टिळकांनी रुजवलेली अभंग-ओवीच्या वळणाची भजने. त्याच गावाला नारायण महाराजांच्या बेटावर दत्ताची आरती आणि भजन. देऊळ असो की चर्च, पेटी दोन्हीकडे. फ्रान्सातून आलेले हे वाद्य आपण इतके आपले केले की कीर्तन त्यावाचून सुचेना आणि संगीत नाटकाचा पडदा त्यावाचून उघडेना. गंमत अशी की रेडिओनेच १९४० साली या पेटीला बाहेर काढले. तिचे ठोकळेबाज सूर भारतीय गाण्याला अपायकारक आहेत, असा मुद्दा जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये मांडला होता. ही बंदी तीन दशके टिकली. म्हणजे केडगावच्या दोन्ही देवघरांतले वाद्य रेडिओवर परके ठरले, आणि परक्या माणसाची धून मात्र घरची झाली.

पण या भेटींतून मला हवा तो फरक स्पष्ट होतो. चर्चमध्ये चाल बाहेरची आली तरी तिला मराठी शब्दांनी घर दिले. नाटकात वाद्य बाहेरचे आले तरी त्याला गायकाने घर दिले. सिनेमात तर गोव्याहून आलेल्या वादकांनी युरोपचा सगळा वाद्यवृंदच आणला, आणि त्याला गाण्याने घर दिले. प्रत्येक वेळी नव्या गोष्टीने गाणाऱ्याचा किंवा शब्दाचा हात धरला. शब्दही नाही, गवईही नाही, पडद्यावरचा प्रसंगही नाही, नुसती लिहिलेली रचना: तिचा हात धरायला कोणी पुढे आले नाही.

परकेपणाचाच हा दोष, असा आग्रह धरणाऱ्यांसाठी दोन घरची उदाहरणे आहेत. गोव्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या सिनेमातले नावाजलेले व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदाचे जुळणीकार. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना झेव्हियर कॉलेजच्या चौकात सादर केल्या, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. तरीही तो वाद्यवृंद टिकला नाही, आणि साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले. दुसरे वनराज भाटिया. लंडनची रॉयल अकादमी, मग पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्यासारखी गुरू, एवढे शिक्षण घेऊन मुंबईत परतल्यावर त्यांचे पोट भरले ते जाहिरातींच्या जिंगल्सवर आणि नाव झाले ते श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांमुळे. त्यांच्या लिहिलेल्या वाद्यरचना किती जणांनी ऐकल्या? दोघेही इथलेच. तरी त्यांची गत काउफमन यांच्याहून फार निराळी झाली नाही.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. आपल्याकडे रचनाकाराला स्थान नाही असे कसे म्हणता? बंदिशीत मुद्रा असते. नियामत खाँ सदारंग होतात, फैयाज खाँ प्रेमपिया, जगन्नाथबुवा पुरोहित गुणीदास, रातंजनकर सुजान. भातखंडेही चतुर या नावाने चिजा बांधत. आपल्या परंपरेने रचनाकाराचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नव्हे, थेट गाण्यातच कोरले. यापेक्षा मोठा मान कोणता? आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळेच मला माझे म्हणणे आणखी नेमके करता येते. मुद्रा अंतऱ्यात येते, म्हणजे शब्दांत येते. ज्या रचनेला शब्द नाहीत तिच्यात मुद्रा ठेवायची कुठे? आपली व्यवस्था रचनाकाराला ओळखते, पण कवी म्हणून ओळखते. सूर लिहिणाऱ्याला तिने निनावी सोडले. गतकारांचीसुद्धा, म्हणजे सतार-सरोदच्या गती बांधणाऱ्यांचीही, नावे घराण्याच्या तोंडी परंपरेवरच तगली आहेत.

शब्दाचा हा फायदा किती मोठा असतो, ते त्याच रेडिओच्या नोकरीतल्या एका मराठी माणसाकडे पाहिले की कळते. बा. सी. मर्ढेकर १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओत गेले. त्यांनीही नवे काही करताना जुन्या घाटाला, ओवी-अभंगाला, हात घातला आणि त्यात यंत्रयुगाची माणसे बसवली. ‘काही कविता’ १९४७ साली आली, अश्लीलतेचा खटला झाला, अर्ध्या महाराष्ट्राने शिव्या दिल्या आणि उरलेल्या अर्ध्याने पुढची पन्नास वर्षे त्यांचे अनुकरण केले. खटला होणे हीसुद्धा एक प्रकारची पोच असते. चित्रकारांचेही असेच झाले. वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर हे युरोपातून आलेले तिघे मुंबईच्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९४७च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या इतिहासात, गाडे आणि बाक्रे यांच्या नावांसोबत, त्यांची नावे अजून घेतली जातात. जे. जे. स्कूल होते, प्रदर्शने होती, चित्र विकत घेऊन भिंतीवर लावणारे होते. काउफमन यांच्या क्वार्टेटला भिंत कुठली?

१९४६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. आधी लंडन, मग कॅनडातले हॅलिफॅक्स, मग १९४८ ते १९५७ विनिपेगच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालकपद. त्यानंतर वीस वर्षे ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात शिकवणे, तिबेटी बौद्ध पठणावर आणि चिनी अभिजात ग्रंथांतल्या संगीतावर पुस्तके. ९ सप्टेंबर १९८४ रोजी तिथेच ते वारले. नोकरीच्या दृष्टीने हे वनवास संपल्याचे चित्र दिसते. पण त्यांच्या रचनांची दुसरी अडचण तिथे सुरू झाली. युरोप-अमेरिकेत त्या ‘भारतीय रंगाच्या’ म्हणून बाजूला पडल्या, विद्यापीठात ते विद्वान म्हणून ओळखले गेले, रचनाकार म्हणून कमीच. टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बलने निर्वासित संगीतकारांच्या मालिकेत त्यांची क्वार्टेट्स आणि सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या तेव्हा २०२० साल उजाडले होते. आपल्याकडे अमृत गंगर यांनी त्यांच्या मुंबईतल्या वर्षांवर २०१३ मध्ये पुस्तक लिहिले, एवढीच एक ठळक नोंद.

अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला प्यारेलाल झाला. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’साठी गाणे बांधताना नायकाचे पूर्ण नाव म्हणून गुरूचे नाव गाण्यात आले, आणि ज्यांना गोन्साल्विस कोण हे ठाऊक नाही तेही आजवर ते नाव ठेक्यात म्हणत आले आहेत. शिष्याने गुरूला शब्दांत दिलेली ही मुद्राच म्हणायची, भले ती सोंग घेतलेल्या नायकाच्या तोंडी का असेना. काउफमन यांची धून मात्र आधी तंबोरा, मग व्हायोलिन, अशी वाजून थांबते. मागून निवेदक केंद्राचे नाव सांगतो. सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून मराठी बातम्या लागतात, आणि त्यातला पहिला मान बातम्या देणाऱ्याच्या नावाचा असतो.